दोन दिवस, सहा सामने, सात जागा: पहिल्या अल्टिमेट स्पर्धेला जाण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात नोकरी करता, आठ महिन्यांपासून रविवारी सकाळी एका हौशी संघातून अल्टिमेट फ्रिस्बी खेळता, आणि तीन आठवड्यांनी, म्हणजे जानेवारीत, तुमचा पंधरा जणांचा मिश्र संघ (दहा मुलगे आणि पाच मुली) अहमदाबादला शनिवार-रविवारच्या स्पर्धेला जाणार आहे. दोन दिवसांत पाच-सहा सामने खेळण्याइतका दम एवढ्या थोड्या वेळात कसा कमवावा, पंच नसलेल्या खेळात वाद उद्भवला तर नवख्याने काय करावे, आणि नवा म्हणून आपल्याला मैदानाबाहेरच बसवतील का, हे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी बारा वर्षे मिश्र संघांतून खेळते आहे, त्यांपैकी चार वर्षे कर्णधार होते आणि अलीकडे दोन लहान स्पर्धांच्या आयोजनालाही हात लावला आहे. त्या अनुभवातून हे उत्तर देते आहे.

तुम्ही दमाची चिंता सर्वांत आधी मांडली आहे आणि बाहेर बसण्याची सर्वांत शेवटी. मला हा क्रम उलटा वाटतो. तुमच्या संघासमोरचा खरा प्रश्न पाळ्यांच्या वाटपाचा आहे, आणि तो सुटल्याशिवाय कोणी किती दम कमवायचा हे ठरवताच येत नाही. एखादा सामना चांगला खेळता येणे आणि दोन दिवसांची स्पर्धा खेळता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शनिवारी सकाळी सुरेख खेळणारे आणि रविवारी दुपारी मैदानभर नुसते चालणारे संघ मी कितीतरी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या एकाची कर्णधार मीच होते.

इतर वाचकांसाठी खेळाची चौकट दोन-चार वाक्यांत सांगते. मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असते, त्याच्या दोन्ही टोकांना १८ मीटर खोलीचे एंडझोन असतात, आणि समोरच्या एंडझोनमध्ये आपल्या सहकाऱ्याने १७५ ग्रॅमची डिस्क झेलली की एक गोल होतो. डिस्क हातात असताना धावता येत नाही, दहा सेकंदांत ती फेकावी लागते, आणि ती जमिनीवर पडली, बाहेर गेली किंवा अडवली गेली तर तेथूनच समोरचा संघ चढाई सुरू करतो. पुल, म्हणजे सुरुवातीची लांब फेक, तेथपासून गोल होईपर्यंतच्या खेळाला आपण पॉइंट म्हणतो. आता कळीचा नियम असा की, दुखापत सोडली तर पॉइंट चालू असताना खेळाडू बदलता येत नाही. पॉइंट अर्ध्या मिनिटात संपू शकतो, आणि दोन्ही बाजूंनी डिस्क पडत राहिली, जे हौशी सामन्यात हमखास होते, तर पाच मिनिटेही चालू शकतो. तोवर प्रत्येक संघाचे जे सात जण आत आहेत ते आतच राहतात.

मिश्र प्रकारात या सातांत चार मुलगे व तीन मुली, किंवा चार मुली व तीन मुलगे असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्या पॉइंटचे प्रमाण टॉसने ठरते, पुढचे दोन पॉइंट त्याच्या उलट प्रमाणात खेळतात, त्यापुढचे दोन पुन्हा पहिल्याप्रमाणे, आणि असे दोन-दोनने आलटून-पालटून चालते. म्हणजे सरासरीने प्रत्येक पॉइंटला साडेतीन मुलगे आणि साडेतीन मुली. आता तुमच्या संघाचा हिशेब करा. पाच मुलींपैकी प्रत्येकीला सुमारे ७० टक्के पॉइंट खेळावे लागतील; दहा मुलग्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३५ टक्के येतील. ११-७ असा संपणारा सामना धरला, तर त्या १८ पॉइंटांपैकी एकेक मुलगी बारा-तेरा खेळेल आणि तुम्ही सहा-सात. असे सहा सामने झाले तर मुलींचे प्रत्येकी सुमारे ७५ पॉइंट होतात आणि तुमचे ३८. दोघांनाही एकच तयारी सांगणे म्हणजे अर्ध-मॅरेथॉन धावणारा आणि मॅरेथॉन धावणारा यांना एकाच वेळापत्रकावर ठेवण्यासारखे आहे.

या हिशेबाचा तुमच्यापुरता अर्थ असा, की स्पर्धेत तुमची अडचण दमण्याची कमी आणि थंड पडण्याची जास्त असणार आहे. तुम्ही एक पॉइंट जिवाच्या आकांताने धावाल, मग एक किंवा दोन पॉइंट, म्हणजे कधी पाच तर कधी बारा मिनिटे, रेषेबाहेर उभे राहाल आणि मग गार पडलेल्या स्नायूंनी पुन्हा एकदम पूर्ण वेगाने धावायला जाल. मांडीच्या मागचा स्नायू अशाच वेळी ओढला जातो. म्हणून बाहेर असताना खाली बसायचे नाही. आपली पाळी पुढच्या पॉइंटला आहे असे कळले की लगेच रेषेबाहेर दोन हलक्या धावा, गुडघे उचलून पंधरा-वीस पावले आणि शेवटी एक खरीखुरी वेगवान धाव, इतके करूनच आत जायचे. गोल झाल्यापासून साधारण सव्वा मिनिटात पुढचा पुल होतो, त्यामुळे गोल झाल्यावर अंग गरम करायला घेतले तर वेळ निघून गेलेली असते.

मुलींच्या बाबतीत कर्णधाराने करायची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी खेळणाऱ्यांच्या यादीऐवजी बसणाऱ्यांची यादी करावी. पाच जणींची नावे एका पुठ्ठ्यावर क्रमाने लिहावीत; चार मुलींचा पॉइंट असेल तेव्हा यादीतली पुढची एक बसते, तीन मुलींचा असेल तेव्हा पुढच्या दोघी बसतात, आणि सामना कितीही रंगात आला तरी हा क्रम मोडायचा नाही. पहिल्या सामन्यात तो मोडण्याचा मोह होतोच, कारण सर्वांत चपळ मुलगी बसलेली पाहवत नाही. पण पाचांपैकी एकीचा घोटा मुरगळला की उरलेल्या चौघींच्या वाट्याला जवळजवळ नव्वद टक्के पॉइंट येतात, आणि दुसरी जखमी झाली तर चार मुलींच्या पॉइंटला मैदानात उतरवायला माणूसच उरत नाही. त्या एका बसण्याची किंमत रविवारी कळते.

येथे थोडे कडवट वाटेल असे एक निरीक्षण नोंदवते. हौशी मिश्र संघांत मुलगे परस्परांकडेच डिस्क फेकत राहतात आणि मोकळी धावणारी मुलगी दिसूनही तिच्याकडे फेकत नाहीत. अन्यायाची बाजू क्षणभर दूर ठेवली तरी हा निव्वळ गणिताचा तोटा आहे: जिला सत्तर टक्के पॉइंट धावायचे आहे तिला प्रत्येक वेळी उगाच धाव घ्यायला लावून तुम्ही तिचे रविवारचे पाय शनिवारीच संपवता. माझा अनुभव असा की निदान एका मुलीला हँडलर म्हणून, म्हणजे मागे राहून डिस्क फिरवणाऱ्यांत ठेवावे. हँडलरला लांब धावा कमी घ्याव्या लागतात, तिला फेकण्याची सवय होते आणि बाकीच्यांचा तिच्यावर विश्वास बसतो. अर्थात तिची फोरहँड फेक बऱ्यापैकी असायला हवी. ती नसेल तर हे तीन आठवडे आधी त्यासाठी वापरा.

यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे येथेच कबूल करते. सगळ्याच स्पर्धा आंतरराष्ट्रीय प्रमाण वापरत नाहीत. काही ठिकाणी प्रत्येक पॉइंटला चार मुलगे व तीन मुली असे ठरलेले असते. मग मुलींचा वाटा ६० टक्क्यांवर येतो आणि तुमचा ४० वर जातो. कुठे किमान दोन मुली अशी सवलतही असते. शिवाय पंधरा नावे दिली म्हणजे पंधरा जण येतातच असे नाही. कोणाचे ऑफिस, कोणाच्या घरचे लग्न, यांत दोन-तीन गळतात, आणि जानेवारी हा लग्नांचाही महिना आहे. सामन्यांची संख्या बहुधा अशी असते: शनिवारी चार संघांच्या गटात तीन सामने, त्यावरून क्रम लावून रविवारी दोन किंवा तीन. क्रिकेटच्या बाद फेरीप्रमाणे हरलेला संघ घरी जात नाही, शेवटच्या स्थानासाठीही सामना असतो. त्यामुळे हरलात तरी पाय मोकळे होतील या भरवशावर राहू नका.

आता दमाबद्दल. तीन आठवड्यांत मूळ क्षमता फारशी वाढत नाही, पण असलेली क्षमता या खेळाच्या धाटणीत बसवता येते. तुम्ही रोज पाच किलोमीटर धावायला सुरुवात केली असल्याचे लिहिले आहे. त्याने अपाय होणार नाही, पण अल्टिमेटमध्ये एका संथ लयीत धावणे जवळजवळ नसतेच. पाच-सात सेकंदांची पूर्ण वेगाची धाव, अचानक थांबणे, दिशा बदलणे आणि अपुरी विश्रांती घेऊन पुन्हा धावणे, असा हा खेळ आहे. म्हणून पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा मैदानावर, डांबरी रस्त्यावर नव्हे, तीस-चाळीस मीटरच्या सहा धावा प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीने घ्या, मग तीन मिनिटे चाला, आणि अशा तीन फेऱ्या करा. त्यांतल्या निम्म्या धावांत मध्येच थांबून उलट वळा, कारण सामन्यात तेच करायचे असते. ज्या दिवशी धावत नाही त्या दिवशी मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम करा: गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून शक्य तितके सावकाश पुढे झुकत जायचे. पहिल्या वेळी चार-पाचच करा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना का ते समजेल. शेवटच्या आठवड्यात बुधवारनंतर काहीही कष्टाचे करू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री रट्टा मारावा तसे काही जण गुरुवारी शेवटचा जोरदार सराव करतात आणि त्याचे दुखणे घेऊन गाडीत बसतात.

फेकण्याचा सराव मात्र रोज करता येतो आणि माझ्या मते नवख्या खेळाडूच्या तीन आठवड्यांचा तोच सर्वांत चांगला उपयोग आहे. पन्नास बॅकहँड आणि पन्नास फोरहँड, पंधरा ते वीस मीटर अंतरावरून, प्रत्येक वेळी एक पाय रोवून दुसऱ्या पायाने बाजूला पाऊल टाकून, आणि शक्य असेल तेव्हा समोरून वारा घेऊन. लांब फेकी, हॅमर (डोक्यावरून उलटी फेक) वगैरे आकर्षक प्रकार तूर्त बाजूला ठेवा. झेलण्याबाबत एकच आग्रह धरते: छातीच्या उंचीला आलेली डिस्क एका हाताने पकडू नका. भाकरी थापताना जसे दोन तळवे समोरासमोर येतात तसे वरून एक आणि खालून एक हात आणून ती पकडा. हौशी संघाची डिस्क चुकीच्या फेकीने जितकी जाते तितकीच सोप्या झेलात हात आखडल्याने जाते, आणि प्रत्येक गमावलेली डिस्क म्हणजे त्याच सात जणांची आणखी एक लांब धाव. पाळ्यांच्या हिशेबाशी याचा संबंध आहे तो असा: संघाचा दम वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पॉइंट लहान करणे.

त्याच कारणाने डावपेच कमी ठेवा. चढाईत एकच रचना, पाच जण मैदानाच्या मध्यावर एका ओळीत आणि मागे दोन हँडलर, अर्थात व्हर्टिकल स्टॅक. बचावात प्रत्येकाने एकाला धरायचे, म्हणजे त्याच्या मागोमाग राहायचे, आणि मार्करने, म्हणजे फेकणाऱ्यासमोर उभे राहून दहा सेकंद मोजणाऱ्या बचावपटूने, एकाच बाजूला फेकायला भाग पाडायचे. आणि वारा फार असेल तर वापरायला एखादा झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा वाटून घेऊन केलेला बचाव. एवढे पुरते. स्टॅकमधून कट, म्हणजे डिस्क घेण्यासाठी मोकळ्या जागेत धाव घेतलीत, डिस्क मिळाली नाही, तर थांबून हात हलवत राहू नका. बाजूने निघून ओळीत परत या, म्हणजे पुढच्याला जागा मिळेल. नवख्या कटरचे मोल कर्णधार झेलांपेक्षा या जागा मोकळी करून देण्यावरून ठरवतो. डिस्क तुमच्या हाती आली आणि मार्करची मोजणी पाच-सहावर पोहोचली, की समोर पाहणे सोडून मागच्या हँडलरकडे वळा. आठ-नऊच्या मोजणीला घाबरून एंडझोनकडे भिरकावलेली डिस्क आपल्या माणसाच्या हातात पडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे थेट येते. बाहेर बसवतील का? बसवू शकतात, आणि ते ठरण्याची जागा मैदान नसून निघण्यापूर्वीची बैठक आहे. मी पहिल्यांदा कर्णधार झाले त्या वर्षी शनिवारचे तिन्ही सामने मी जवळजवळ त्याच आठ-नऊ जणांना घेऊन खेळले. आम्ही तिन्ही जिंकलो. रात्री जेवताना लक्षात आले की टेबलाच्या एका टोकाला चार जण काहीच बोलत नाहीत. ते रजा टाकून, स्वतःचे पैसे भरून आले होते आणि दिवसभरात मोजून पाच-सहा पॉइंट खेळले होते. रविवारी ते आठ-नऊ जण पायांत गोळे येऊन लंगडत होते, तेव्हा ज्यांना मी आदल्या दिवशी खेळवले नव्हते त्यांनाच उतरवावे लागले, आणि त्यांना ना आपली जागा ठाऊक होती ना समोरच्या संघाचा खेळ. दोन्ही सामने गेले. तेव्हापासून माझा नियम असा: शनिवारी सर्वांना समान पाळ्या, रविवारी सामना अटीतटीचा झाला तर शेवटच्या काही पॉइंटांपुरता कर्णधाराचा निर्णय, आणि हे प्रवेश शुल्क भरण्याआधी सर्वांसमोर बोलून ठेवायचे. दुसरा एखादा संघ जिंकण्यासाठीच जात असेल आणि वेगळा नियम करत असेल तर त्यालाही माझा आक्षेप नाही, मात्र तो आधी सांगितलेला असावा. तुम्ही नवे आहात म्हणून विचारायला संकोच करू नका. ‘शनिवारी पाळ्या कशा ठरणार आहेत’ हा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारायची कर्णधारही वाट पाहत असतो.

मैदानाबाहेरच्या त्या पासष्ट टक्के वेळातही काम आहे. मार्करला डिस्क फेकणाराच दिसतो, पाठीमागचे दिसत नाही. रेषेबाहेरून चालत-चालत त्याला ‘डावीकडे एक’, ‘आता सरळ उभा राहा’ असे सांगणारा माणूस म्हणजे आठवा बचावपटूच. हवेत डिस्क सुटताच ‘अप’ म्हणून ओरडणे हेही त्यातलेच, कारण पाठमोऱ्या बचावपटूला तेवढ्यानेच कळते. पाण्याच्या बाटल्या भरून आणणे आणि पाळ्यांचा पुठ्ठा सांभाळणे ही कामे कमीपणाची समजू नका. आमच्या संघात घोटा मुरगळलेल्या एका मुलाने दोन दिवस तो पुठ्ठा इतका चोख सांभाळला की पुढच्या स्पर्धेत तो बरा असूनही त्यालाच ते काम दिले. तो अजून कुरकुरतो.

प्रवास आणि खाणे याबद्दल थोडक्यात. शुक्रवारी रात्री गाडीत बसून शनिवारी सकाळी थेट मैदानावर उतरण्याचा बेत असेल तर पहिला सामना उशिरा मिळावा म्हणून आयोजकांना आत्ताच विनंती करा. बाहेरगावच्या संघांसाठी ते शक्यतो ऐकतात. जानेवारीत अहमदाबादची सकाळ चांगलीच गार असते आणि दुपारी ऊन लागते, त्यामुळे सकाळी तहान न लागता खेळून दुपारी पायांत गोळे येतात. पहिल्या सामन्यापासूनच घोट-घोट पाणी प्या, आणि दिवसातून एक-दोनदा ओआरएस घ्या. पाकिटावर जितके पाणी लिहिले असेल तितक्याच पाण्यात, चव वाढवायला कमी पाण्यात नाही. दोन सामन्यांमध्ये तास-दीड तास असेल तर केळी, चिक्की, खजूर, उकडलेला बटाटा असे थोडे-थोडे खावे, तीन तास असतील तर दहीभात. तळलेले सामने संपल्यावर. दोन सामन्यांच्या मध्ये दाबेलीचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका हँडलरचे पुढे काय झाले ते येथे लिहिण्याजोगे नाही. मोज्यांचे दोन जादा जोड, पायाला चिकटवायची पट्टी आणि रबरी किंवा प्लॅस्टिकच्या खिळ्यांचे फुटबॉलचे बूट न्या. धातूच्या टोकदार खिळ्यांना परवानगी नसते. नवे बूट पहिल्यांदा स्पर्धेत घालू नका.

वाद आणि पंच यांबद्दल तुमची धास्ती मला समजते, कारण बाकीच्या खेळांत आपल्याला निर्णय दुसऱ्यावर सोपवण्याची सवय असते. अल्टिमेट १९६८ साली न्यू जर्सीतील मेपलवुडच्या एका हायस्कूलमधल्या मुलांनी सुरू केले, आणि आजही जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघाच्या स्पर्धांत खेळाडूच आपले निर्णय घेतात. कार्यपद्धती साधी आहे. ज्याला नियमभंग झाला असे वाटते तो मोठ्याने कॉल देतो, खेळ थांबतो, संबंधित दोघे आपापले म्हणणे थोडक्यात सांगतात, आणि ज्याला ती घटना नीट दिसली असेल त्याला विचारतात. समोरच्याने मान्य केले तर नियमाप्रमाणे पुढे. एकमत झालेच नाही तर डिस्क, वाद नसलेल्या शेवटच्या फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ सुरू होतो. म्हणजे मतभेदाचे उत्तर नियमातच आहे, आवाज चढवून काही मिळत नाही. तुम्हाला सारे नियम पाठ हवेत असे नाही, पण नवख्यांकडून वारंवार मोडले जाणारे तीन-चार पक्के करा. मार्कर आणि फेकणारा यांच्यात निदान एका डिस्कच्या व्यासाइतके, म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटर अंतर हवे. मोजणी सेकंदाला एक अशीच हवी. उत्साहात ती दुप्पट वेगाने होते. आपण ज्याला धरले आहे तो तीन मीटरच्या आत असताना मध्ये कोणी आडवे आले आणि वाट अडली, तरच पिक म्हणता येते. आणि बाजूची रेषा मैदानाबाहेर धरली जाते; फुटबॉल खेळून आलेल्यांची येथे हमखास चूक होते. माझीही झाली होती. एंडझोनमध्ये झेल घेऊन मी नाचायला लागले, बचाव करणारी म्हणाली की पाय रेषेवर होता, मी हुज्जत घातली, आणि शेवटी आमच्याच संघातला रेषेबाहेर उभा असलेला मुलगा म्हणाला, ‘ताई, ती बरोबर सांगते आहे.’ गोल गेला, आणि तो मुलगा त्या दिवसापासून माझ्या लक्षात राहिला.

प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात, दोन शब्द बोलतात, आणि मग प्रत्येक संघ समोरच्या संघाला स्पिरिटचे, म्हणजे खिलाडूवृत्तीचे गुण देतो: नियमांचे ज्ञान, फाउल व शारीरिक धक्के, न्यायबुद्धी, वृत्ती व आत्मसंयम आणि संवाद, या पाच बाबींना प्रत्येकी ० ते ४. यात २ म्हणजे चांगला, नेहमीसारखा सामना. शाळेतल्या टक्केवारीच्या सवयीने नवे खेळाडू एकूण २० पैकी १० गुण पाहून खट्टू होतात किंवा समोरच्यांना सरसकट ४ देऊन टाकतात. दोन्ही टाळा, आणि फॉर्म सामना संपताच सर्वांनी मिळून भरा, रात्री हॉटेलात एकट्या कर्णधाराने नव्हे.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. सुरुवातीला कर्णधार दोन डिस्क हवेत उडवतात आणि त्या सारख्या पडतील की वेगळ्या हे सांगतात. जिंकणारा एकतर पुल किंवा चढाई निवडतो, नाहीतर बाजू. वारा नसेल तर चढाई घ्यावी. वारा जोरात असेल तर मी बाजू घेते, अशी की पहिला गोल वाऱ्याच्या दिशेने करता यावा, कारण हौशी संघाला वाऱ्याविरुद्ध गोल करायला किती वेळा डिस्क गमवावी लागते याचा नेम नसतो आणि सकाळच्या पहिल्याच पॉइंटला सात जणांचा दम काढण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी अंग आखडलेले असेल, ते स्वाभाविक आहे; पहिल्या सामन्याआधीचा सराव शनिवारपेक्षा दहा मिनिटे जास्त ठेवा. दुखणे आणि दुखापत यांतला फरक स्वतःशी प्रामाणिकपणे ओळखा: दोन्ही पायांत सारखे जडपण असेल तर खेळा, एकाच ठिकाणी टोचत असेल किंवा पाय टेकवताना लंगडत असाल तर पुठ्ठ्यावरून आपले नाव स्वतःहून काढायला सांगा. तुमच्या जागी उतरायला मुलग्यांत नऊ जण आहेत. आणि टणक मैदानावर डिस्कसाठी अंग झोकून देण्याचा, लेआउटचा, मोह पहिल्या स्पर्धेत तरी आवरा. तो सराव मऊ गवतावर किंवा वाळूत, सावकाश शिकण्याचा आहे. नुसत्या व्हिडिओ पाहून केलेल्या लेआउटमध्ये बहुधा खांदा किंवा कोपर आधी जमिनीला लागते.

स्पर्धेचे नियमपत्रक हाती आले की मुलगे-मुलींचे प्रमाण, सामना किती गोलांचा किंवा किती मिनिटांचा, आणि प्रत्यक्ष येणाऱ्यांची संख्या एवढे तीन आकडे येथे लिहा. तुमच्या संघाच्या पाळ्यांचा तक्ता मी करून देते.